तीन खेपांचं घर

फाटकावर पाटी होती. एका बाजूला तेलुगूत 'इल्लू अम्मबडुनु', दुसऱ्या बाजूला मराठीत 'घर विकणे आहे', आणि त्याखाली, जागा पुरेना म्हणून बारीक होत गेलेल्या अक्षरांत, 'दलालानं येऊ नये. घेणारानं स्वतः यावं. दुपारी आल्यास जेवण.' आदिलाबादला माझी बदली झाली होती आणि मी खोली शोधत त्या गल्लीत शिरले होते. घर विकणारा माणूस जेवण कशाला घालतो, हे मला कळेना. तरी आत गेले. एक तर ऊन फार होतं, आणि खरं सांगायचं तर भूकही लागली होती.

ओसरीवर एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस उशा उन्हात मांडत होता. माझ्याकडे न बघताच त्यानं विचारलं, "कुठून बसल्या?"

मी म्हटलं, "जैनथकडची आहे. मराठी शाळेत बदली झाली. किरायानं खोली मिळंल का?"

"म्हंजे घर घ्याले नाई आल्या." चेहरा पडला. मग हातातली उशी झटकत ते म्हणाले, "तरी बी जेवून घ्या."

ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. मी एकटी होते, पण ते म्हणत होते, "पुढं सरका, पुढं जागा हाय." तिसरी भाकरी वाढायला आले तेव्हा मी नको म्हटलं, पुन्हा नको म्हटलं, पण हात थांबेना. शेवटी त्यांनीच शिकवलं. "ताटावर बोटानं एक डाव ठोका. एक ठोकलं की मी थांबतो. दोन ठोकले की पुढं चालू." जन्मभर ते सरकारी बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बस काही त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. घरात चालतानासुद्धा एक हात दाराच्या चौकटीला, एक भिंतीला, आणि पाय फाकवलेले. फरशी कधी ब्रेक मारेल याचा काय भरवसा. कानावर पेन्सिल असायची. तिनं ते भिंतीवर फोन नंबर लिहायचे.

समोरच्या दोन खोल्या त्यांनी मला दिल्या आणि वर सांगून ठेवलं, "घर विकलं की खाली करा लागंल. मागून म्हनू नका सांगतलं नाई."

"कधी विकेल?"

"ते घेनाऱ्याच्या हातात हाय. मी तयारच हाय."

हे 'मी तयारच हाय' मी पुढं इतक्या वेळा ऐकलं की शाळेतून येताना फाटक उघडलं की मीच म्हणायची, "काय काका, तयार?" ते मान हलवायचे. चेष्टा कळायची त्यांना, पण चेष्टेला तिकीट लागत नाही असं त्यांचं मत असावं.

त्यांची बायको वारली होती. मी तिला पाहिलेलं नाही. एकुलती एक मुलगी हैदराबादला, एका उंच इमारतीत बाराव्या मजल्यावर राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी एकच प्रश्न असायचा, "बाबा, कधी येता?" काकांचं उत्तरही ठरलेलं, "घर विकलं की दुसऱ्या दिवशी येतो." तेराव्याला सगळ्या सोयऱ्यांसमोर त्यांनी मुलीला तसा शब्द दिला होता. मुलगी चांगली होती, जावई चांगला होता, नातवंडं तर फोनवर गोड तेलुगूत आणि इंग्रजीत काहीबाही सांगायची. काका "हां, हां" करायचे. फोन ठेवला की मला विचारायचे, "मास्तरीनबाई, वीकेंड म्हंजे काय?"

आता दिलेला शब्द हा माणूस फिरवणार नव्हता, आणि घर विकल्याशिवाय जाणार नव्हता. या दोन गोष्टींच्या मधे जेवढी जागा उरते तेवढ्यात काका राहत होते. हे गल्लीतल्या सगळ्यांना कळत होतं. घर विकलं गेलं की काका गेले. तरी ते ढोंग करत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. भाव पहिल्या भेटीत एकच सांगत, आणि तो वाजवी होता. आलेल्या प्रत्येकाला दार उघडून देत. फक्त घर दाखवायची त्यांची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीनं जगात कुठलंच घर विकलं जाणार नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

आधी दलालाचं सांगते. सुरुवातीला एक दलाल लावला होता म्हणे. तरणा पोरगा, मोटरसायकल, दोन फोन. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "अंकल, पार्टी आयी तो आप बाहर बैठना. मैं संभालता." काकांनी विचारलं, माझ्याच घरी मी बाहेर का बसू? तो म्हणाला, तुम्ही बोललात तर काम बिघडेल. काकांनी त्याला चहा पाजला, फाटकापर्यंत नेलं आणि फाटकावर दोनदा ठोकलं. गाडी पुढं चालू. त्याच संध्याकाळी पाटीवर ती दलालाची ओळ आली.

"मी कंडक्टर होतो," ते मला समजावून सांगत. "पॅशिंजर आन् गाडी याच्या मंधात एकच मानूस राह्यते, तो म्हंजे मी. आता घराच्या बाबतीत बी मीच हाय ना. मंग तो पोट्टा कायले पायजे?"

आणि पद्धत अशी. घेणाऱ्यानं घर तीन खेपा पाहायचं. एकदा उन्हाळ्यात, एकदा पाण्याच्या दिवसांत, एकदा कापसाच्या दिवसांत. त्याशिवाय काका हो म्हणणार नाहीत. कारण घराला तीन खोडी होत्या आणि प्रत्येक खोड तिच्या तिच्या हंगामात यायची. वैशाखात विहीर आटायची आणि नळाला करंगळीएवढी धार. पावसात मधली खोली गळायची. आणि मागच्या भिंतीला लागून कापसाची मिल होती. दिवाळी झाली की गाड्या लागायच्या, मशिनी सुरू व्हायच्या, आणि शिमग्यापर्यंत रुई भिंतीवरून आत येऊन पडायची.

"ही गाडी कुठी कुठी थांबते हे मी पॅशिंजरले आधीच सांगत होतो," काका म्हणायचे. "मंधात उतरून कोनी शिव्या देऊ नये."

रुईचं प्रकरण मी पहिल्याच हिवाळ्यात भोगलं. वरणात रुई, वाळत घातलेल्या साडीवर रुई, पोरांच्या पेपरांवर रुई. आदिलाबादची थंडी तशीही कडक, आणि त्या घरघरीत सकाळी उठून बघावं तर अंगणभर पांढरं. मी कुरकुर केली तर काका म्हणाले, "माझ्या घरचीनं तीस साल एक बी कुरकूर केली नाई." ती रोज सकाळी अंगणातली रुई हातानं वेचायची, कचरा निवडायची, आणि हंगाम संपेपर्यंत उशी भरायची. एका वर्षी पुरली नाही तर पुढच्या वर्षी. घरभर उशा होत्या. डोकं टेकवायला एकच माणूस आणि कपाटाच्या वर, खाटेखाली, बाकावर, सगळीकडे उशा. काका त्या पाळीपाळीनं उन्हात घालत आणि प्रत्येकीचं साल त्यांना ठाऊक असे. "ही पोरीच्या लग्नाच्या सालची. ही माझी बदली उटनूरले झालती तवाची, म्हनून लहान हाय. तिचं मन नव्हतं त्या साली."

ती गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्यांनी स्वतः रुई वेचली. खोळ भरली. तोंड मात्र शिवता येईना, म्हणून माझ्याकडे घेऊन आले. मी शिवलं. टाके असे वाकडे आले की काका बराच वेळ उशी फिरवून फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या शाळेत शिवन शिकवत नाईत काय?"

गिऱ्हाइकं यायची, नाही असं नाही. एक बँकेतले साहेब उन्हाळ्यात आले. घर आवडलं, भाव पटला, बयाना द्यायला खिशात हात घातला. काका म्हणाले, "आता नाई. पान्यात या."

"काका, गळतं ते मी दुरुस्त करून घेईन."

"दुरुस्त करालच. पन आधी पाहा तर."

पाऊस लागला. एका दुपारी धो धो पडत होता, काकांनी भिंतीवरचा नंबर पाहून फोन लावला आणि आनंदानं सांगितलं, "या साहेब. आता मस्त गळून राह्यलं." साहेब काउंटरवर होते. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण काकांनी फोन ठेवला, ओल्या बोटानं भिंतीवरचा नंबर पुसला आणि मधल्या खोलीत गळतीखाली ठेवलेलं गंज, म्हणजे मोठं पातेलं, रिकामं करायला गेले.

उटनूरहून एक जोडपं यायचं. दोघंही सरकारी नोकरीत, बरोबर एक लेकरू. ते खरोखर दोन खेपा आले आणि तिसऱ्यालाही आले. मला वाटलं, आता झालं, आपल्यालाही खोली शोधावी लागणार. काकांनी सकाळपासून भज्यांचं पीठ भिजवलं होतं. लेकरू अंगणात खेळलं, रुईत हात घातले, आणि थोड्या वेळानं खोकू लागलं. खोकला थांबेना. बाप म्हणाला, सर्दी आहे, काही नाही. काकांनी त्या पोराच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "नाई साहेब. हे घर तुमच्यासाठी नाई. लेकराची छाती भरंल."

ऑटो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत ते फाटकात उभे होते. मग आत आले. पाच ताटं मांडलेली होती, त्यातलं एक माझंही. ते उभ्या उभ्या म्हणाले, "मास्तरीनबाई, भजे लय उरले."

त्या दिवशी मला त्यांची फार दया आली आणि दया आली म्हणून रागही आला. आपण होऊन गिऱ्हाईक घालवायचं आणि मग असं उभं राहायचं, याला काय म्हणावं. मी भजी खाल्ली. काका मिठात थोडे चुकले होते, पण मी तसं बोलले नाही.

बाकी दिवस कोणी येत नसे. तरी काका रोज एक भाकरी जास्त थापत. मी साडेचारला शाळेतून यायची तेव्हा ते पाटीखाली खुर्ची टाकून बसलेले असत, आणि ती जास्तीची भाकरी फडक्यात गुंडाळून माझ्या ओट्यावर ठेवलेली असे. "आज कोनी आलं नाई," एवढंच सांगत. दिवसभरात त्यांनी तोंडातून काढलेलं हे पहिलं वाक्य असावं, कारण आवाज घोगरा यायचा. मग घसा साफ करून विचारत, "शाळेत काय झालं?" मी थकलेली असायची. तरी काहीतरी सांगायची.

आणि मग ती बाई आली.

मे महिन्यातली दुपार होती. काखेत रिकामं टोपलं, डोक्यावर पदर, गुडघ्यावर हात देत देत पायरी चढली. काकांनी सवयीनं विचारलं, "कुठून बसल्या?"

"तुमाले मालूम हाय ना कंडक्टरसाब," ती म्हणाली. "पैनगंगेकडून. पंधरा साल तुमच्याच गाडीत बसली मी."

काका उठून उभे राहिले. भाजी विकणारी बाई. गावाहून रोज भाजीचं टोपलं घेऊन यायची. आता गुडघे गेले होते, रोजची ये-जा होत नव्हती, आणि मुलगी आदिलाबादलाच दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती. मायलेकींना घर पाहिजे होतं.

"तुमी मले एक दिवस बी टोपलं फुकट नेऊ देल्लं नाई," ती माझ्याकडे बघत म्हणाली, जणू मी न्याय करणार होते. "डायवर म्हने, जाऊ दे ना, गरीब बाई हाय. पन यायनं लगेजचं तिकीट फाडलंच."

काका शरमले. "लगेज होतं ना बाई."

"म्हनूनच तर आली. मले चार दलालायनं घरं दाखवले. मले वाटलं, जो मानूस टोपल्याचं तिकीट सोडत नाई तो घर बी बराबर दाखवंल."

काकांनी तिला सगळं दाखवलं. विहिरीत दगड टाकून कोरडा आवाज ऐकवला. नळाची धार दाखवली. मधल्या खोलीतला लोखंडी कूलर चालू केला. तो असा घरघरला की दोघांनाही ओरडून बोलावं लागलं. "ह्याची घरघर ऐकून घ्या. मागच्या मिलीसारखीच हाय. हा चालू असला की उन्हाळ्यात बी मिल चालू हाय असं वाटते. मी मुद्दामच तेल देत नाई," काका ओरडले.

ती ओरडून म्हणाली, "वारा तर देते ना?"

जेवली, टोपलं उचललं आणि विचारलं, "आता पान्यात येऊ ना?" पद्धत तिला कोणी सांगितली होती कोण जाणे. बाजारात सगळ्यांना माहीतच होती म्हणा.

पाण्यात काकांनी फोन करायच्या आधीच ती आली. भिजून आली. मधल्या खोलीत गेली, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि गंज पायानं थोडं सरकवलं. "इथी पडून राह्यलं, आन् तुमचं गंज तिथी." काका बघत राहिले. पाण्यानं जागा बदलली होती आणि त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. किती दिवस खोली ओली होत होती कोण जाणे.

त्यानंतर काका बदलले. पाटीखाली बसणं कमी झालं. जास्तीची भाकरी बंद झाली. ओट्यावर फडकं दिसेना तेव्हा मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. दसरा झाला, दिवाळी झाली, मिलीबाहेर कापसाच्या गाड्या लागल्या. ते म्हणायचे, "तिसऱ्या खेपीले कोनी येत नाई. ती बी येनार नाई." हे ते आशेनं म्हणत की भीतीनं, मला सांगता येत नव्हतं. मला स्वतःला मात्र वाटत होतं, ती येऊ नये.

ती आली. अंगणात रुई उडत होती. काकांनी खुर्ची दिली, पण ती खाली बसली, आणि बोलता बोलता आजूबाजूची रुई वेचायला लागली. निवडली, तळहातावर घेतली, आणि वात वळली. मग दुसरी. मी दार उघडं ठेवून आत पेपर तपासत होते, तिथून दोघंही दिसत होते. काका तिच्या हातांकडे बघत होते. त्या जागी बसून रुई वेचणारी बाई त्यांनी जन्मात एकच पाहिली होती.

"दिव्याले होते," ती म्हणाली. "मले तर हे खोड वाटत नाई जी."

मिलीची घरघर चालू होती. मग एकदम काका म्हणाले, "अजून एक सांगाचं राह्यलं. ही समोरची किरायदारीन हाय ना, मास्तरीन, लय भांडकुदळ हाय. खाली करनार नाई. कोर्टात जाईल. तुमाले लय तरास देईल."

मी हातातला लाल पेन तसाच घेऊन दारात आले. इतक्या वर्षांत त्या घरात मी एकदाच आवाज चढवला होता, तोही नळाच्या पाण्यावरून. काकांनी मला पाहिलं. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिची बोटं वात वळायची थांबली.

"नाई," काका म्हणाले. मान खाली गेली होती. "हे खोटं हाय. बाई चांगली हाय. मीच आपलं..."

तिनं हातातली वात खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "कंडक्टरसाब, तुमचं मन नसंल तर मी जाते. मले दुसरं घर भेटंल. मले राग नाई."

तिनं त्यांना मोकळं केलं होतं. एक शब्द बोलायचा, की पाटी तशीच राहणार होती, रविवारचा फोन तसाच येणार होता, आणि मी साडेचारला फाटक उघडून 'काय काका, तयार?' म्हणणार होते. मला तेच हवं होतं. मी त्यांच्याकडे बघून जवळजवळ मान हलवली, थांबा म्हणून.

काकांनी ओसरीच्या खांबावर हात ठेवला आणि दोनदा ठोकलं.

"तीन खेपा झाल्या," ते म्हणाले. "घर तुमचं."

रजिस्ट्रीच्या हापिसात गवाह म्हणून मी गेले होते. बाहेर झाडाखाली बसलेल्या एका माणसानं काकांना विचारलं, मधे कोण होतं, किती घेतले त्यानं? काका म्हणाले, "मंधात कोनी नव्हतं. बस होती." त्या माणसाला काही कळलं नाही. भाजीवाली बाई पदराआड हसली.

मुलगी आणि जावई गाडी घेऊन आले. काकांनी सकाळीच पाटी काढली होती. खिळे मात्र निघाले नाहीत, ते अजून आहेत. कपड्यांची एक पेटी, बायकोचा फोटो, आणि काखेत एक उशी. मी पाहिलं तर माझ्या वाकड्या टाक्यांची. मी म्हटलं, "काका, चांगली घ्या ना एखादी."

"बाकीच्या तिच्या हातच्या हायत. त्या घरासंगं राहू द्या," ते म्हणाले. "ही मी भरली होती."

ते पुढच्या सीटवर बसले. मुलगी मागं रडत होती. काचेतून त्यांचा हात बाहेर होता, गाडीच्या दारावर ठेवलेला, आणि मी त्या हाताकडे बघत वाट पाहत होते. पण जावयानं गाडी चालू केली आणि गाडी निघाली. ठोकायचं राहूनच गेलं.

नव्या मालकिणीनं मला काढलं नाही. "तुमी भांडकुदळ हाय म्हनून सांगतलंच हाय मले, कायले वाकड्यात जाऊ," असं ती अजून म्हणते. तिची मुलगी ड्युटीवर असली की आम्ही दोघी अंगणात बसतो. काकांचा फोन हंगामाप्रमाणे यायचा. मे महिन्यात विहिरीची चौकशी, पावसात मधल्या खोलीची. जे असेल ते ती सांगायची. विहीर आटली, तर आटली. गळतं, तर गळतं.

पुढच्या साली मिल बंद झाली. मालकानं ती बायपासच्या पलीकडे नेली आणि इथली जागा प्लॉटिंगला काढली. भिंतीपलीकडे आता चुन्याच्या रेघा होत्या आणि दलालांचे फोन नंबर लिहिलेले मोठे मोठे बोर्ड. दिवाळी झाली, थंडी पडली, पण अंगण स्वच्छ. सकाळी उठल्यावर इतकं शांत असायचं की मलाच करमेना.

एका सकाळी फोन आला. तिनं स्पीकर लावला, मी शेजारीच तुरीच्या शेंगा सोलत होते.

"बाई, मिल चालू झाली का?"

तिनं भिंतीकडे पाहिलं. "झाली जी."

"रुई?"

"लय येऊन राह्यली. आताच झाडली."

मी हातातली शेंग खाली ठेवली. तिनं फोनवर तळहात दाबला आणि मला म्हणाली, "तिकडं बाराव्या मजल्यावर बसून तो मानूस हेच आंगन झाडून राह्यला, बाई. ते बी बंद करू काय त्याचं?"

मी शेंग परत उचलली.

फोनमधून आवाज आला, "काऊन आवाज येत नाई मशिनीचा? फोन भिंतीकडं धरा जरा. मले ऐकू द्या."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग ती गुडघ्यावर हात देत उठली आणि भराभर आत गेली, मी तिच्या मागं. मधल्या खोलीत कूलर चादर पांघरून उभा होता. तिनं चादर ओढली आणि बटण दाबलं. उन्हाळ्यापासूनची धूळ तोंडावर आली आणि कूलर घरघरायला लागला. तिनं फोन त्याच्या जाळीजवळ धरला. बाहेर अंगात कापरं भरेल अशी थंडी, आणि आम्ही दोघी त्या गार वाऱ्यात उभ्या.

पलीकडे काका ऐकत होते. मला खात्री होती, आता ते विचारणार. टोपल्याचं तिकीट न सोडणारा माणूस.

"हां," काका म्हणाले. "चालू हाय."

"चालू हाय जी," ती म्हणाली.

"बरं वाटलं." घसा साफ केल्याचा आवाज आला. "आन् बाई, त्या कूलरच्या पंख्याले आता तेल देऊन टाका."

फोन बंद झाला. तिचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. कूलर घरघरत होता, आणि आम्ही दोघी तशाच थंडीत उभ्या राहून तो ऐकत होतो.